दोघांनी एकदम जेवायला बसायचं

शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजले की आमच्या स्वयंपाकघरात गॅसवर एक मोठा गंज चढतो. तो चढवतात आमचे हे. पाणी मोजायचं त्यांनी, मीठ टाकायचं त्यांनी, आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं तेही त्यांनीच. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लसूण सोलत असते. टीव्ही बंद असतो. मग पुण्याहून लेकीचा फोन येतो, "काय मग, आज कोणता? पास्ता की वरणफळं?"

पास्ता! आणि तोही हिंगणघाटात! हसू आलं ना? आमचं गाव म्हणजे वणा नदी, कापसाच्या गाड्या, जिनिंग-प्रेसिंग आणि मे महिन्यात अंग भाजून काढणारं ऊन. नागपूर पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर. इथल्या पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या जोडप्याने दर शनिवारी पास्ता का बरं शिजवावा? माझ्या शेजारच्या वहिनींनी तर सरळच विचारलं होतं, "काऊन वं, पोळ्या लाटायचा कंटाळा आला काय?"

तेव्हा मी नुसती हसली. पण खरं सांगायचं तर वहिनींचा नेम बरोबर बसला होता. गोष्ट पोळीचीच आहे.

उरलेलं अर्धं पाकीट

सुरुवात काही ठरवून झाली नाही. दिवाळीच्या सुट्टीत लेक घरी आली होती. तिने एक दिवस हौसेनं पास्ता केला आणि अर्धं पाकीट डब्यात तसंच ठेवून पुण्याला परत गेली. पोरगा आधीच शिकायला बाहेर. घर एकदम रिकामं झालं. पोरं गेल्यावर घर कसं खायला उठतं, ते तुम्हाला काय सांगू!

एका शनिवारी मी शाळेतून आली ती डोकं धरूनच. हे जिनिंगच्या हिशेबाच्या कामातून त्या दिवशी जरा लवकर सुटले होते. कणीक मळायची माझ्यात ताकद नव्हती. डबा उघडला तर हे पाकीट समोर. हे म्हणाले, "चल, हेच करून टाकू. तू बस, मी करतो."

करतो म्हणाले खरं, पण लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी मिठाचा डबा कुठे असतो ते यांना ठाऊक नव्हतं. शेवटी लेकीला फोन लावला. ती तिकडून सांगते, हे इकडे करतात, आणि मी मध्ये दुरुस्त्या करते. पाणी कमी पडलं, पास्ता चिकट झाला, टमाटर बुडाला लागला. चव म्हणाल तर जेमतेम.

पण त्या रात्री एक गोष्ट झाली. दोन ताटल्या वाढल्या आणि आम्ही दोघं एकदम जेवायला बसलो. चार घास खाल्ल्यावर हे एकाएकी थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "अगं, आज तू गरम जेवून राहिली."

मी म्हटलं, "हो."

"मग रोज तुझी पोळी थंडच असते काय?"

मला काही बोलताच आलं नाही. चोवीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, आणि मीही तो स्वतःला कधी विचारला नव्हता.

गरम पोळीचा हिशेब

मैत्रिणींनो, आपल्या जेवणाची रीत जरा आठवून बघा. भाजी होते, वरण होतं, भात होतो. हे सगळं आधी करून झाकून ठेवता येतं. पोळीचं मात्र तसं नाही. ती तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. म्हणजे बाकीचे जेवत असताना एकीने गॅससमोर उभंच राहायचं. सासरे जेवले, नवरा जेवला, पोरं जेवली, की मग आपण. तोवर भाजी निवलेली, वरण घट्ट झालेलं, आणि आपल्या वाट्याला येते ती सगळ्यात खालची, वाफेने ओली झालेली पोळी.

यात कोणी आपला छळ करत असतं, असं नाही. यांनी मला कधी वर आवाज करून "पोळी आण" म्हटलं नाही. रीतच अशी आहे की करणारी शेवटी बसते. आणि रीत असली की ती कुणाला दिसत नाही, आपल्यालासुद्धा नाही.

दिसत नाही, पण मोजता येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या मुली-बायकांपैकी शंभरात ८१ जणी रोज घरातलं बिनपगारी काम करतात, पुरुषांमध्ये मात्र शंभरात २६ जणच, असं त्यातून दिसलं. जे करतात त्यांच्या वेळेतही केवढा फरक! बाईची दिवसाची २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाची ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा सर्वेक्षण झालं, तेव्हा बायकांची मिनिटं २८९ वर आली. वाटलं, चला, काहीतरी उतरलं! पण पुरुषांचीही ८८ वर आली होती. म्हणजे बाईच्या डोक्यावरचा जो थोडा भार कमी झाला, तो पुरुषाने उचलला म्हणून नव्हे. मिक्सर, वॉशिंग मशीन, तयार पीठ, यांनी उचलला असेल तर असेल.

पास्ता किंवा वरणफळं केली की काय होतं? एकाच गंजात सगळं जेवण. गॅस बंद केला की काम संपलं. तव्यापाशी कोणी उभं राहायला नको. दोन ताटल्या वाढायच्या आणि दोघांनी एकदम बसायचं. आमच्या शनिवारची खरी गंमत ही आहे. चव वगैरे नंतर.

"नशीबवान आहेस बाई!"

आता तुम्ही म्हणाल, वा, काय गुणी नवरा! थांबा. पुढचंही ऐका.

पहिले दोन-तीन महिने काय व्हायचं, हे मोठ्या उत्साहाने पास्ता करायचे आणि मग सिंकमध्ये सात भांडी पडायची. गंज, कढई, चाळणी, सराटा, दोन वाट्या, किसणी. ओट्यावर टमाटरचे शिंतोडे. जेवून हे हात धुऊन बातम्या बघायला जायचे आणि मी पदर खोचून घासायला. शिवाय दर पाच मिनिटांनी, "हिंग कुठे आहे?", "मिरची कुठल्या डब्यात?", "आता किती टाकू?" म्हणजे हात त्यांचे आणि डोकं माझंच. आणि वर गल्लीत कौतुक कोणाचं? त्यांचं! "नशीबवान आहेस बाई, असा नवरा मिळाला." मी रोज दोन वेळा रांधते, तर मला पाहून यांना कोणी नशीबवान म्हटलं नव्हतं.

एका शनिवारी माझं डोकं फिरलं. हे पिशवी घेऊन आले तेव्हा पिठलं आणि भाकरी करून झाकून ठेवली होती. म्हणाले, "हे काय? आज पास्ता नाही?" मी म्हटलं, "पिठल्याची एकच कढई पडते घासायला." हे गप्प. त्या दिवशी जेवताना दोघंही बोललो नाही. भाकरी तव्यावरून वाढत होती, म्हणजे बसली शेवटीच.

रात्री उशिरा स्वयंपाकघरात खडखड ऐकू आली. जाऊन पाहिलं तर हे कढई घासत होते. पिठल्याची कढई, तळाला लागलेली. म्हणाले, "हे तर निघतच नाही गं." मी म्हटलं, "आधी पाणी टाकून भिजवायची असते." बस, एवढंच बोलणं झालं. माफी नाही, भाषण नाही.

पण पुढच्या शनिवारपासून नियम ठरले. सामान काय आहे, काय नाही, ते यांनी शुक्रवारीच बघायचं. एकाने रस्सा केला तर दुसऱ्याने चिरायचं. भांडी दोघांनी मिळून, एक घासणार, एक विसळणार. आणि "हिंग कुठे आहे?" हा प्रश्न बंद. शोधायचा. सापडेल. पहिल्यांदा हिंगाऐवजी सुंठ पडली, पण त्यानंतर हिंगाचा डबा यांच्या पक्का लक्षात राहिला.

"मदत करतो" आणि "करतो" यात केवढा फरक असतो, हे मला या सात भांड्यांनी शिकवलं. मदत करणाऱ्याचं काम आवडेल तिथे थांबतं. करणाऱ्याला ओटा पुसेपर्यंत थांबता येत नाही.

आजीसुद्धा पास्ताच करायची की!

मग एकदा सासूबाई महिनाभर राहायला आल्या. शनिवार आला तशी माझ्या पोटात धाकधूक. मुलगा ओट्याशी आणि सून लसूण सोलत बसलेली, हे बघून काय म्हणतील? त्यांनी ताटलीतला एक पास्ता बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हे काय बाप्पा रबरासारखं! आमची फळं काय वाईट होती?"

यांनी लगेच म्हटलं, "मग शिकव ना आई."

पुढच्या शनिवारी आईंनी पाटावर बसून मुलाकडून वरणफळं करून घेतली. कणकेत हळद, तिखट, ओवा घालायला लावला. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापायला लावली. "उकळत्या वरणात एक-एक सोड, सारी एकदम टाकशील तर गोळा होईल," असं वरून सांगत राहिल्या.

मला तेव्हा लक्षात आलं की पास्ता तो पास्ता म्हणून आपण उगाच लांबचा मानतो. कणीक मळायची, तिला आकार द्यायचा, उकळत्या पाण्यात किंवा रसात शिजवायचं. आपली वरणफळं ही पास्ताच नाहीत तर काय? पश्चिम महाराष्ट्रात त्यांना चकोल्या म्हणतात, गुजरातेत दाळढोकळी. आपल्या शेवया घ्या. उन्हाळ्यात अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या त्या बारीक तारा इटलीच्या बाईने पाहिल्या तर तिला माहेर आठवेल. आणि आपले सरगुंडे? कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून वाळवायची, शिजवायची आणि आमरसाबरोबर खायची. काडीवर वळलेला पास्ता इटलीतही करतात.

मार्को पोलोने चीनमधून शेवया इटलीत नेल्या, अशी एक गोष्ट सांगतात, पण ती खरी नाही. मार्को पोलो परत आला १२९५ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रिसी नावाच्या अरब भूगोलकाराने लिहून ठेवलंय की सिसिली बेटावर पलेर्मोजवळच्या त्राबिया गावात पिठाच्या शेवया मोठ्या प्रमाणात होतात आणि जहाजांनी दूरदूर जातात. टमाटर तर तिथे फार उशिरा पोचला. तो अमेरिकेतला, युरोपात आला सोळाव्या शतकात. म्हणजे लालभडक पास्ता हा त्या मानाने बराच नवा.

चांगला पास्ता होतो तो ड्युरम गव्हाचा. त्याचा दाणा कडक, आत पिवळसर. आपल्याकडे बन्सी गहू म्हणतात तो याच जातीचा. बन्सी रवा तुम्ही आणलाच असेल. पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलं असेल तर पास्ता मोकळा होतो. नुसता मैदा असेल तर गिचका होण्याची भीती जास्त.

असो. तर त्या शनिवारी वरणफळं झाली, वर तुपाची धार पडली. यांनी तीन ताटल्या मांडल्या. आई सवयीने म्हणाल्या, "तुम्ही घ्या आधी, मी बसते मागून." हे म्हणाले, "मागून काऊन? सारं झालं आहे. बस."

आई बसल्या. दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या बाबांसंग मी कधी बसलीच नाही जेवायला."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. त्या वाक्यात तक्रार नव्हती. पण आमच्या दोघांच्याही घशात घास अडकला. त्या महिन्यात उरलेले सगळे शनिवार आम्ही तिघंही एकदमच जेवलो.

भाजी चिरणारे गांधीजी

पुरुषाने ओट्याशी उभं राहणं म्हणजे काही शहरी फॅशन आहे, असं कोणी म्हणालं तर मी त्यांना आपल्याच जिल्ह्याची एक गोष्ट सांगते. पवनारचे विनोबा तुम्हाला माहीत आहेतच. ते १९२१ मध्ये वर्ध्याला आले, त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. ७ जून १९१६ ला ते पहिल्यांदा गांधीजींना भेटले, अहमदाबादच्या कोचरब आश्रमात. तेव्हा गांधीजी काय करत होते? भाजी चिरत होते! देशातला एवढा मोठा माणूस भाजी चिरतो, हे तरुण विनोबांना नवलच वाटलं. गांधीजींनी त्यांच्या हातातही सुरी दिली. श्रमाचा पहिला धडा तिथेच मिळाला, असं विनोबांनी पुढे सांगितलं आहे. १९३६ पासून गांधीजी इथे सेवाग्रामला राहिले, तिथल्या आश्रमातही स्वयंपाक आणि सफाई सगळ्यांनी वाटून घ्यायची पद्धत होती.

आमच्यापासून वर्धा काय लांब आहे? मग तो धडा आमच्या ओट्यापर्यंत यायला एवढी वर्षं का लागावीत?

आमचा शनिवारचा पास्ता

बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून इथे देते. दोघांपुरतं प्रमाण आहे.

पास्ता २०० ग्रॅम, पाणी २ लिटर, मीठ ३-४ लहान चमचे. पिकलेले टमाटर ४, लसूण ८-१० पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या २, एक सिमला मिरची, तेल ३ मोठे चमचे, चिमूटभर साखर, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. चीज असलं तर किसून, नसलं तरी काही अडत नाही.

पाणी भरपूर घ्या आणि खळखळ उकळल्यावरच मीठ आणि पास्ता टाका. पाण्यात तेल घालायची गरज नाही, सुरुवातीला दोन-तीनदा हलवलं की चिकटत नाही. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत त्यापेक्षा एक मिनिट आधी उतरवा. गाळण्याआधी त्यातलं वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवा. गाळल्यावर थंड पाण्याने धुऊ नका. त्याच्यावरचा पिठूळपणा धुतला गेला तर रस्सा धरत नाही.

तोवर दुसऱ्याने कढईत तेल मंद तापवून ठेचलेला लसूण आणि मिरच्या परतायच्या. लसूण सोनेरी होऊ द्या, करपला तर कडू लागतो. मग सिमला मिरची, बारीक चिरलेले टमाटर, साखर आणि थोडंसं मीठ. दहा-बारा मिनिटांत तेल सुटतं. त्यात पास्ता आणि ते राखून ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालून मिनिटभर हलवा. झालं. बघा, एकट्या माणसाची यात धावपळ होते, आणि दोघं असले की अगदी बरोबर जमतं.

पास्ता मिळत नसेल, महाग वाटत असेल, घरच्यांना आवडत नसेल, तर खुशाल वरणफळं करा. मसालेभात करा, खिचडी करा. अट एकच, गॅस बंद झाल्यावर सगळ्यांनी एकदम बसायचं.

मला ठाऊक आहे, एकत्र कुटुंबातल्या माझ्या मैत्रिणी म्हणतील, तुमचं बरं आहे, दोघंच आहात. खरं आहे. सासरे, दीर, पोरं-सोरं असलेल्या घरात हे एका दिवसात होणार नाही. पण आठवड्यातली एक रात्र "आज पोळी नाही" असं म्हणून बघायला काय हरकत आहे? पहिल्या रात्री कुरकुर होईल. दुसऱ्या वेळी कमी होईल.

आमच्या घरी तरी सगळं बदललंय असं नाही. बाकीचे सहा दिवस पोळ्या मीच लाटते. कापसाचा हंगाम आला की हे रात्री उशिरा येतात आणि आमचा शनिवार सरकून रविवारवर जातो. पण परवा मंगळवारी मी तव्याशी होती, हे जेवत होते. दोन पोळ्या झाल्यावर उठले, माझ्या हातातून सराटा घेतला आणि म्हणाले, "आता तू बस. मी भाजतो."

पोळी एका बाजूने करपली होती. पण मैत्रिणींनो, गरम होती!